बैठकीच्या खोलीतले मोठे साहेब

टाचणीने नोकरीचा राजीनामा दिला तेव्हा तिच्या साहेबांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सांगितलं की रिटर्न भरायचा हंगाम संपेपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. ही धमकी म्हणायची की माया, हे टाचणीला ठरवता येईना. शेवटी तिने मनातल्या मनात दोन्ही रकान्यांत अर्धं-अर्धं टाकलं आणि घरी आली.

टाचणी हे नाव ऑफिसनेच पाडलेलं. बारीक, सरळ, आणि कागद दिसला की त्यात शिरणार. ऑफिसात हिशेब ती लिहायची, चुका ती शोधायची, रिटर्न ती तयार करायची. साहेब सही करायचे. मग गिऱ्हाईक साहेबांचा हात हातात घेऊन सांगायचं की तुम्ही होतात म्हणून निभावलं. हे सगळं घडत असताना टाचणी तिथेच, हाताच्या अंतरावर, पंचिंग मशीन धरून उभी असायची. अशी पुष्कळ वर्षं उभी राहिल्यावर तिला वाटलं की एकदा तरी आपलं काम आपल्या नावावर खपवून बघावं. बाकी महत्त्वाकांक्षा काही नव्हती.

नवऱ्याला तिने हे जेवताना सांगितलं. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून तीही म्हणायची. शिकाऊ गाडीत मास्तरच्या बाजूला ब्रेक असतो, ॲक्सिलरेटर नसतो; तो संसारातही तसाच बसायचा. टाचणीने ‘नोकरी सोडली’ म्हणताच टेबलाखाली त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. जेवण झाल्यावर हात पुसता पुसता त्याने एवढंच ठरवून घेतलं की हंगाम संपेपर्यंत घर चालेल इतकी कायमची गिऱ्हाइकं मिळाली तर ठीक, नाहीतर ती खुर्ची आहेच. टाचणीला हे मान्य होतं. अमान्य करायला तिच्याकडे दुसरी खुर्चीही नव्हती.

खरी अडचण खोलीची होती.

घरात खोल्या तीन. स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठकीची खोली. बैठकीच्या खोलीत दिवाण होता आणि दुपारी दिवाणावर सासरे असायचे. सासऱ्यांची सगळी उमर बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून गेलेली. बर्फ चोरून नेणार कोण, आणि नेलाच तर तो घरी पोचेपर्यंत उरणार किती, असले प्रश्न लोक त्यांना जन्मभर विचारत आले. ते उत्तर द्यायचे की इतक्या वर्षांत एक लादी गेली नाही, यावरून पहारा कसा होता ते समजून घ्या. निवृत्त झाल्यावरही अंगातली रात्रपाळी काही गेली नाही. रात्री घरभर फिरून खिडक्यांच्या कड्या तपासायच्या आणि दुपारी झोपायचं, हा त्यांचा नेम होता.

इकडे धंद्याची नोंदणी करायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: कामाची खोली अन्य कारणासाठी वापरली जाते काय? ‘नाही’ लिहिलं तर त्या खोलीचा खर्च धंद्याच्या खर्चात धरता येत होता. टाचणीने ‘नाही’ लिहिलं, आणि लिहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आता ते खरं करून दाखवणं आलं. तिने दिवाण झोपायच्या खोलीत सरकवला. सासरे मात्र सरकेनात. त्या खोलीत ऊन येतं, आणि उन्हात आपल्याला झोप लागत नाही, बर्फाची सवय आहे, असं त्यांचं म्हणणं. झोपायला पलंगच लागतो असं कुणी सांगितलं? कारखान्यात ते खुर्चीतच तर झोपायचे.

शेवटी तडजोड झाली. टाचणीच्या टेबलामागे, जरा उजवीकडे, हातांची एक लाकडी खुर्ची ठेवली. सासरे तिच्यात ताठ बसून झोपणार. बसलेला माणूस खोली ‘अन्य कारणासाठी’ वापरत नाही, असा अर्थ टाचणीने काढला. इतका ओढून-ताणून अर्थ ऑफिसात कुणी काढला असता तर तिनेच त्याच्यावर लाल पेन्सिल मारली असती.

आता पहारेकऱ्याची झोप ही काय चीज असते ते सांगायला हवं. बर्फाच्या कारखान्याचे मालक अवेळी तपासणीला यायचे. म्हणून सासरे अर्धे डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले होते. पाठ सरळ, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीच्या जरा पलीकडे. मधूनमधून मान हलायची, ती श्वासाबरोबर. अंगात गडद निळा कोट, कारण बर्फामुळे लागलेली थंडी नंतरही सुटली नव्हती. आणि दर तासाला, घड्याळात ठोके पडले की, मालकाच्या खोलीकडे तोंड करून द्यायची ती आरोळी. तिचाही आवाज आता उतरला होता. घड्याळ वाजायचं आणि सासरे झोपेतच, भारदस्त आवाजात म्हणायचे, “सगळं ठीक.”

टाचणीने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, खाली ‘हिशेब व कर सल्ला’ असं लिहिलं, आणि वाट बघत बसली.

पहिला आला तो प्लंबर. त्याच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत होत्या आणि पिशवीत पाणीही होतं. टाचणीने पावत्या खिडकीच्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या आणि एकेक सुकेल तशी लिहायला घेतली. प्लंबर खुर्चीच्या कडेवर बसून तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. त्याने नळांचा खर्च सांगितला, पाइपांचा सांगितला, आणि मग आवाज खाली आणून विचारलं की हे सगळं बसेल ना नियमात. टाचणी ‘बघावं लागेल’ म्हणणार तेवढ्यात घड्याळ वाजलं.

“सगळं ठीक,” मागून आवाज आला.

प्लंबरचा जीव भांड्यात पडला. तो उठून उभा राहिला, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, आणि ओल्या पावत्या दोरीवर तशाच सोडून शीळ घालत गेला. त्याचा हिशेब खरोखरच ठीक होता, म्हणून टाचणीने ती गोष्ट सोडून दिली. तिची चूक झाली ती इथे.

प्लंबर घरोघरी जाणारा माणूस. त्याने सिंकखाली डोकं घालून जिथेतिथे सांगितलं की एक म्हातारे साहेब आहेत, फार बोलत नाहीत, पण सगळं ऐकून घेतात आणि शेवटी एका शब्दात निकाल देतात. मग कवळ्या बनवणारा आला. त्याच्यामागे पासपोर्टचे फोटो काढणारा. दोघांनीही पाटी वाचली, टाचणीकडे बघितलं आणि विचारलं, मोठे साहेब आहेत का? ‘आहेत’ असं टाचणी म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. ते होतेच. मोठेही होते. लोक कागद तिच्या टेबलावर ठेवायचे आणि बोलायचे सासऱ्यांशी. सासऱ्यांची मान हलायची. फोटोवाला तर घरातली भांडणंही सांगून गेला आणि जाताना म्हणाला, इतकं समजून घेणारा माणूस आजवर भेटला नाही.

टाचणी मूग गिळून बसली. रोज ठरवायची की उद्या सांगून टाकू, आणि रोज एखादं नवं गिऱ्हाईक दार वाजवायचं. एका दुपारी कवळीवाला तिचं काम घेऊन निघाला, दारापाशी वळला आणि तिच्या डोक्यावरून सासऱ्यांना म्हणाला, तुम्ही होतात म्हणून निभावलं. टाचणीच्या हातात तेव्हा पंचिंग मशीन होतं. तिने ते टेबलावर ठेवलं. त्या ऑफिसातले साहेब निदान जागे तरी असायचे.

हे सगळं सासऱ्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते चांगलेच खूश झाले. पगार त्यांनी मागितला नाही. कोटाच्या खिशाला एक पेन मात्र लावून मागितलं.

हंगाम उतरणीला लागला तेव्हा लॉन्ड्रीवाल्या बाई आल्या.

बाईंची तीन दुकानं होती आणि त्यांचा शब्द सगळ्या बाजारात चालायचा. त्या ज्याच्याकडून साबण घेतील त्याच्याकडून बाकीचे घेत. त्या ज्याच्याशी बोलणार नाहीत त्याने सरळ गाव बदलावं. त्यांचं काम मिळालं की पाठोपाठ बेकरीवाला, चष्मेवाला, स्टेशनरीवाला, सगळी रांग येणार, आणि तीही कायमची. साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर मग खुशाल फायली ठेवता येतील. त्यांचं काम गेलं तर आतापर्यंतची चिल्लर गिऱ्हाइकं मिळून महिन्याचा चहा तेवढा निघत होता. मास्तरलाही हे माहीत होतं. त्या दिवशी सकाळी घराबाहेर पडताना त्याने कुठल्याच गाडीत नसताना दोनदा ब्रेक दाबला.

बाईंनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली आणि खुर्ची जरा तिरपी करून घेतली. सासऱ्यांचं तोंड नीट दिसावं म्हणून. आजवरचे हिशेब आमचा भाचा बघायचा, हुशार आहे, आता परगावी गेला, असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांची मान हलली.

टाचणी कागदांत शिरली. पहिलं वर्ष बरं होतं. त्यात कपडे धुण्याचं एक मोठं मशीन घेतलेलं होतं, त्याची सगळी किंमत त्याच वर्षी खर्चात टाकलेली. चालायचं. दुसऱ्या वर्षीही एक मशीन होतं. तीच किंमत. तिसऱ्या वर्षीही. तिने मशीनचा नंबर जुळवून बघितला. भाच्याने आदल्या वर्षीचा कागद समोर ठेवून पुढच्या वर्षीचा लिहिला होता, आणि ते एकच मशीन दरवर्षी नव्याने जन्म घेत होतं. बाई आपल्या त्याच मशीनवर चादरी धूत होत्या आणि कर खात्याच्या दप्तरी त्यांच्याकडे अख्खा मशीनचा कळप झाला होता.

म्हणजे मागचे रिटर्न दुरुस्त करावे लागणार होते. कर जास्त भरावा लागणार होता, वर दंडही. टाचणी पाणी प्यायली आणि हे बाईंना सांगायला तिने तोंड उघडलं. “बाई, या मशीनचं जरा...”

घड्याळात ठोके पडले.

“सगळं ठीक,” सासरे म्हणाले.

बाईंनी हातातला रुमाल दाबून धरला होता, तो सोडला. त्या भराभर कागद गोळा करायला लागल्या. इतका घोर लागला होता म्हणाल्या, भाच्याच्या हिशेबाचं काही सांगता येत नाही म्हणून. आता मोठ्या साहेबांची सही तेवढी घ्या, म्हणजे मी निघते, दुकानं उघडी आहेत.

टाचणीने मशीनचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे उत्तर दिलं की मोठ्यांनी एकदा ठीक म्हटल्यावर तू त्यात काढतेस काय? तू नवीन असशील. शिकशील हळूहळू. टाचणीने पुन्हा सांगितलं, नंबरावर बोट ठेवून. बाईंनी बोटाकडे बघितलंच नाही. त्या सासऱ्यांकडे बघत होत्या आणि सासरे भिंतीच्या पलीकडे.

सही म्हणजे काय, सासऱ्यांना उठवून सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने केली असती. खिशाला पेन होतंच. मशीन आणखी एकदा जन्माला आलं असतं आणि बेकरीवाल्यापासून सगळी रांग दाराशी आली असती. टाचणीने पेनकडे बघितलं, बाईंच्या पिशवीकडे बघितलं.

“बाई,” ती म्हणाली, “ते झोपलेत.”

“कोण?”

“मोठे साहेब. ते साहेब नाहीत. माझे सासरे आहेत, आणि ते रोज या वेळी झोपतात.”

बाई म्हणाल्या की थट्टा म्हातारा माणूस समोर नसताना करावी. मग टाचणीने उपायच केला. सासऱ्यांना हलवून जाग येत नसे, हाका मारून तर नाहीच. एकाच गोष्टीने यायची. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “मालक आले.”

सासरे ताडकन उभे राहिले. एक हात विजेरी शोधायला कमरेकडे गेला. समोर बाई दिसल्या, त्यांना त्यांनी कडक सलाम ठोकला.

“बर्फ जागेवर आहे साहेब,” ते म्हणाले. “लादीसुद्धा हललेली नाही.”

सासऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुठे आहोत ते हळूहळू ओळखलं, आणि अतिशय सभ्यपणे बाईंना चहा घेणार का विचारलं. बाईंनी घेतला नाही. त्यांनी पिशवीत कागद भरले, बंद बांधले, एकदा पाटीकडे बघितलं आणि गेल्या.

संध्याकाळी टाचणीने मास्तरला सगळं क्रमाने सांगितलं. ती सवयीने त्याच्या पायाकडे बघत होती. पाय हलला नाही. तो म्हणाला की गाडी आधीच उतारावरून गेल्यावर ब्रेक दाबून काय करायचं. मग त्याने विचारलं, ती खुर्ची निदान आरामाची तरी आहे का? आहे, टाचणी म्हणाली. फिरतेसुद्धा. सासऱ्यांनी खिशाचं पेन काढून तिच्या टेबलावर आणून ठेवलं आणि न जेवता कड्या तपासायला गेले.

दुसऱ्या दिवशी टाचणीने साहेबांना फोन लावायचा म्हणून फोन दुपारपर्यंत तीन वेळा पुसून काढला. चौथ्यांदा पुसत असताना दार वाजलं.

लॉन्ड्रीवाल्या बाई होत्या. हातात कालची पिशवी, काखेत आणखी दोन. शेजारी एक उंच गृहस्थ, टाय बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहरा असा की बघणाऱ्याला आपलीच काहीतरी चूक झाली असेल असं वाटावं.

“हे आमचे थोरले दीर,” बाई म्हणाल्या. “दुकानात गल्ल्यामागे बसतात. यांना ऐकू येत नाही.”

बाई आत येऊन बसल्या आणि सांगायला लागल्या. दुकान सुरू केलं तेव्हा शर्टाचं बटण तुटलं तरी लोक भांडायचे, मालक कुठे आहे विचारायचे. मीच मालक म्हटलं की हसायचे. मग यांना आणून बसवलं. लोक यांच्याकडे बघून तक्रार सांगतात, हे चष्म्यावरून बघतात, लोक आपणहून माफी मागून जातात. गेली कित्येक वर्षं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक या माणसाला मालक समजतं.

“माझ्याच दुकानातली युक्ती,” बाई म्हणाल्या, “आणि मीच तिला फसले. रात्रभर त्या रागाने झोप नाही. तुझ्यावर नव्हे गं, माझ्यावर.” मग पिशव्या टेबलावर ढकलल्या. “ते मशीन दाखव पुन्हा. बोट ठेवून दाखव. आणि दंड किती बसेल ते तू सांग, यांच्याकडे बघून नको.”

टाचणीने दाखवलं. आकडा ऐकून बाईंनी भाच्याचा उद्धार केला, तो पुरा होईपर्यंत टाचणीने पेन्सिलींना टोकं काढून घेतली. मग दोघी कामाला लागल्या. थोरले दीर उभेच होते, म्हणून त्यांना टाचणीने स्वतःची खुर्ची दिली, सासऱ्यांच्या समोर. एकजण अर्ध्या डोळ्यांनी भिंतीपलीकडे बघत होता, दुसरा चष्म्यावरून त्याच्याकडे. दोघांचं फारच छान जमलं. टाचणीने पूर्ण दुपार उभ्याने लिहिलं.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाला आला. त्याने पाटी वाचली आणि विचारलं, पाटीवरच्या बाई आहेत का? लॉन्ड्रीवाल्या बाईंनी बाजारात नेमकं काय सांगितलं ते टाचणीला कधी कळलं नाही. एवढं खरं की मग चष्मेवाला आला, स्टेशनरीवाला आला, आणि सगळे आत शिरताना आवाज खाली आणायचे. म्हातारे झोपलेत, असं एकमेकांना बजावायचे. कुजबुजत बोलणारा माणूस फार थापा मारू शकत नाही, हे टाचणीच्या ध्यानात आलं. त्याला तेवढा दम पुरत नाही.

प्लंबर आणि कवळीवाल्यालाही तिने खरं काय ते सांगितलं. प्लंबरला राग आला नाही, फक्त जरा वाईट वाटलं. फोटोवाल्याने मात्र ते मानायला साफ नकार दिला आणि अजूनही मन मोकळं करायला येतो. लॉन्ड्री मंगळवारी बंद, त्या दिवशी थोरले दीरही सासऱ्यांसमोर येऊन डुलकी काढायला लागले.

हंगाम संपायच्या सुमाराला टाचणीने साहेबांना फोन केला. ते म्हणाले खुर्ची तयार आहे. ती म्हणाली की त्याबद्दलच बोलायचं आहे, विकणार का? घरी एक खुर्ची कमी पडते. मग साहेबांनी किंमत सांगितली, टाचणीने त्यात वापरलेल्या वर्षांचा घसारा धरून ती खाली आणली, आणि साहेब म्हणाले की हे तुला शिकवलं कुणी. मास्तरने खुर्ची शिकाऊ गाडीच्या टपावर बांधून आणली. गाडी एक शिकाऊ बाई चालवत होत्या. मास्तरने रस्ताभर ब्रेक दाबला नाही, आणि त्यामुळे त्या बाई पहिल्यांदाच घाबरल्या.

टाचणीला आता सगळ्यांचे रिटर्न झाल्यावर स्वतःचा भरायचा होता. तो प्रश्न पुन्हा समोर आला: कामाची खोली अन्य कारणासाठी वापरली जाते काय? खुर्ची तिने फर्निचरमध्ये धरली. खोलीच्या खर्चावर मात्र रेघ मारली आणि प्रश्नापुढे लिहिलं: ‘होय. दुपारी एक पहारेकरी झोपतात. मंगळवारी दोघे.’

घड्याळात ठोके पडले. नव्या खुर्चीत सासरे किंचित फिरले.

“सगळं ठीक,” ते म्हणाले.

टाचणीने बेरीज पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासली, आणि मगच मान हलवली.